पटकथा लिहिणारा माणूस



संध्याकाळी मालिका सुरू झाली की नट-नट्यांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात. पण ही गोष्ट लिहिली कोणी? ते नाव पडद्यावर येऊन जातं तेव्हा आपण चुलीपाशी भाकरी थापत असतो. म्हणून आज अशाच एका लेखकाविषयी बोलते, विजय तेंडुलकरांविषयी.

जन्म १९२८चा. बेचाळीसच्या चळवळीत चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढं वर्तमानपत्रांत नोकरी केली, नाटकं लिहिली. नाटकांमुळे ते गाजले, पण सिनेमाच्या पटकथाही त्यांनी पुष्कळ लिहिल्या. साखर कारखान्याच्या राजकारणावरचा 'सामना' त्यांचाच. 'सिंहासन', 'आक्रोश', 'अर्धसत्य' हेही. दूरदर्शनसाठी 'स्वयंसिद्धा' लिहिली, तिच्यात त्यांचीच मुलगी प्रिया होती. 'रजनी' मालिकेतली प्रिया तेंडुलकर, आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल.

पटकथा म्हणजे नुसते संवाद नव्हेत, बरं का. आधी काय दिसेल, नंतर काय, कोण कुठं गप्प बसेल, हे ठरवणं म्हणजे पटकथा. १९७६चा 'मंथन' घ्या. मूळ गोष्ट डॉ. वर्गीस कुरियन आणि दिग्दर्शक श्याम बेनेगल यांची, संवाद कैफी आझमींचे आणि पटकथा तेंडुलकरांची. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या सिनेमाचं भांडवल ऐकून मला तर आपल्या गटाची बचतपेटीच आठवते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले, त्यातून तो झाला. पुढं हीच माणसं ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेली.

गोष्ट दूध सोसायटीची आहे. खासगी डेअरीवाला भाव पाडतो, सरपंचाला दलितांच्या रांगेत उभं राहायचं नसतं, आणि डॉ. राव नावाचा शहरी माणूस सोसायटी काढायला येतो. पण मला त्यातली बिंदू जवळची वाटते. स्मिता पाटीलनं केली आहे. कष्टाची, तोंडानं फटकळ, कुणाला न भिणारी. आणि एवढ्या धीट बाईचा अंगठा एका कागदावर घेतला जातो. त्यात काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. त्यात असतो डॉ. रावांवर घातलेला घाणेरडा आळ. बाईची अब्रू आणि सोसायटीचं नाव, दोन्ही एकाच अंगठ्यात जातं. लेखकानं तिथं लांबलचक भाषण घातलेलं नाही, हे मला फार आवडतं.

बँकेचा कर्जाचा फॉर्म भरताना 'ताई, सही कुठं करू?' असं मला बायका विचारतात. 'काय लिहिलंय?' असं विचारणाऱ्या अजून थोड्या आहेत.

'उंबरठा'चीही पटकथा तेंडुलकरांची, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. त्यातली सुलभा नोकरीसाठी घर सोडून महिलाश्रमात जाते. शेवट सगळ्यांना पटत नाही. काही बायका म्हणतात, लेकरू सोडून कशाला जायचं? भांडा की त्यावर, चांगलं भांडण आहे ते.

'मंथन' हिंदीत आहे, पण समजायला सोपा. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की आपण तो बघू. अंगठ्याचा प्रसंग आला की मी मध्येच थांबवणार आहे. ज्या बाईला अजून कर्जाचा कागद वाचून दाखवलेला नाही, तिनं तो घेऊन यावा.