तळघरातली मिरांडा आणि आपण वाचक



व्याख्यानमालेत रहस्यकथेवर बोलावयाचे म्हटल्यावर काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण वाचनालयाच्या खिडकीशी उभे राहून बाबूराव अर्नाळकरांचा नवा 'झुंजार' किंवा 'काळापहाड' आला का, असे ज्यांनी आयुष्यात कधीच विचारले नाही, असे लोक या मंडपात किती निघतील? अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणाऱ्यांत वकील होते, व्यापारी होते, आणि वर्गात जप्त केलेले पुस्तक घरी नेऊन आधी स्वतःच वाचून काढणारे मास्तरही होते. तेव्हा संकोचाचे कारण नाही.

त्या जुन्या रहस्यकथांत मुलगी पळविली जाई ती एखादे गाठोडे पळवावे तशी. तिसऱ्या प्रकरणात गेली, शेवटच्या प्रकरणात परत आली. मधल्या काळात तिला काय वाटले, हे लेखक सांगत नसे आणि आपणही विचारत नसू. नायक पोचणार याची खात्री असल्यामुळे आपण निश्चिंतपणे चहा पीत पाने उलटीत असू.

ही निश्चिंती जिने घालविली अशी एक इंग्रजी कादंबरी आहे. तिचे नाव 'द कलेक्टर', लेखक जॉन फाउल्स, प्रकाशन १९६३. हे त्यांचे पहिलेच प्रसिद्ध झालेले पुस्तक. कथा थोडक्यात सांगतो. क्लेग नावाचा एक तरुण कचेरीत कारकून आहे. पोरका, अबोल, फुलपाखरे पकडून टाचणीने टोचून ठेवण्याचा नाद असलेला. फुटबॉलच्या पैजेत त्याला सत्तर हजारांवर पौंड मिळतात. त्या पैशातून तो खेड्यात एक जुने, तळघर असलेले घर विकत घेतो आणि मिरांडा नावाच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनीला क्लोरोफॉर्म देऊन तिथे आणून कोंडतो. तिला कपडे देतो, पुस्तके देतो, हवे ते खायला देतो. फक्त दार उघडीत नाही. ती आजारी पडते, तो डॉक्टर आणीत नाही, ती मरते. कोणीही झुंजार येत नाही.

आता यातली खुबी पाहा. कादंबरीचा पहिला मोठा भाग क्लेग स्वतः सांगतो. तळघराला हवा कशी खेळविली, कड्या किती लावल्या, तिला आवडेल म्हणून काय काय आणले, हे सारे तो अगदी सभ्य, किंचित भित्र्या आवाजात सांगतो. त्यानंतर लेखक आपल्या हाती मिरांडाची डायरी देतो, आणि तेच दिवस, तेच तळघर, तेच जेवणाचे ताट आपण दुसऱ्यांदा पाहतो.

धुळ्याला आम्ही पाचसात मंडळी महिन्यातून एकदा जमून एकेका पुस्तकावर बोलतो. या पुस्तकाच्या दिवशी जे झाले ते आजवर कधी झाले नव्हते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रथम बोलले. त्यांचे म्हणणे, "मला त्या पोराची दया आली. ती बाई त्याच्या बोलण्याला हसते, त्याच्या घरातल्या शोभेच्या वस्तूंना हसते, त्याला कॅलिबन म्हणते. कारकुनी केलेल्या माणसाला हे लागते हो." एक वकील म्हणाले की, दोष समाजाचा. मग महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी, जी एरवी ऐकायलाच येते, ती म्हणाली, "काका, पहिल्या भागात तो तिच्या पाळतीवर गाडी घेऊन उभा असतो, तेव्हा तुम्हांला काय वाटत होते? ती निसटावी असे, की त्याचा बेत फसू नये असे?"

कोणी लवकर उत्तर दिले नाही. मीही नाही. कारण खरे उत्तर असे होते की, पाने उलटताना त्याचा बेत फसू नये असेच वाटत होते. बेत फसला तर गोष्ट संपली! शेवटी बोलल्या त्या आमच्यातल्या एक आजीबाई. त्यांनी पुस्तक वाचलेले नव्हते, नातीकडून नुसते ऐकले होते. त्यांनी अहिराणीत एवढेच विचारले की, इतके दिवस त्या पोरीची आई काय करीत होती? आम्ही विद्वानांनी तो प्रश्न काढलाच नव्हता.

ही गोष्ट इंग्रजांपुरती आहे असे समजू नका. हरणाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. रुक्मिणीहरण आपल्याला गोड वाटते, आणि ते योग्यच आहे. कारण शेजारच्या विदर्भातल्या त्या मुलीने स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावले होते. एकनाथांनी त्यावर अख्खे 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. पण काशीराजाच्या तीन मुली भीष्माने रथात घालून नेल्या, तेव्हा पत्र कोणी लिहिले होते? कीर्तनात भीष्माचा पराक्रम ऐकताना आपण माना डोलावतो. अंबेला मन आहे, ते शाल्वाकडे आहे, हे आपल्याला कळते ते रथ हस्तिनापुरास पोचल्यावर. व्यासांनी मात्र तिला सोडले नाही. पुढच्या जन्मी शिखंडी करून रणांगणावर उभे केले. मिरांडाची डायरी व्यासांनी आधीच लिहून ठेवली होती असे म्हटले, तर कोणी पंडित रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आणि कथाच कशाला? पुण्यातले जोशी-अभ्यंकर हत्याकांड येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी. पहिला बळी त्यांचाच एक सहाध्यायी. त्याला नेऊन कोंडले आणि आपण घर सोडून जात आहो अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेतली. मिरांडाही आईबापांना पत्र लिहिते, पाकिटात एक बारीक चिठ्ठी लपविते, आणि क्लेग ती शोधून काढतो. कादंबरी वाचताना या ठिकाणी मला पुढे वाचवेना.

त्या खटल्यातल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात आत्मकथन लिहिले, 'येस, आय ॲम गिल्टी'. मराठी वाचकांनी ते वाचले. लिहिणाऱ्याचा पश्चात्ताप खोटा असे मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडून चिठ्ठी लिहवून घेतली त्याचे पुस्तक कुठे आहे? क्लेगचा भाग आपल्याला मिळाला. डायरीचा भाग लिहायला कोणी उरले नाही. म्हणून तर असे आत्मकथन वाचताना आपण नकळत लिहिणाऱ्याच्या खोलीत जाऊन बसतो.

फाउल्स यांना याची जाणीव होती. वाचकांनी आपले पुस्तक निव्वळ थरारकथा म्हणून वाचले, अशी त्यांची तक्रार होती. क्लेग वाईट झाला तो बऱ्याच अंशी निकृष्ट शिक्षण, कोते घर आणि पोरकेपणा यांमुळे, आणि मिरांडाही काही निर्दोष नव्हे, घमेंडखोर आहे, असे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिले. आमच्या वकीलसाहेबांना हे वाचून फार आनंद झाला. मला तो अर्धाच पटतो. घमेंडखोर मुलीलाही दार उघडून बाहेर जाण्याचा हक्क आहे, आणि पोरके कारकून जगात लाखो आहेत. ते तळघर बांधीत नाहीत.

१९६५ साली विल्यम वायलर यांनी यावर चित्रपट केला. कान महोत्सवात त्यातल्या नटाला आणि नटीला, दोघांनाही अभिनयाचे पारितोषिक मिळाले. पुस्तकाला एक फार वाईट वाचकही भेटला. अमेरिकेत १९८५ साली पकडला गेलेला लिओनार्ड लेक, ज्याने स्त्रियांना कोंडून ठार मारले, त्याने आपल्या बेताला मिरांडाचेच नाव दिले होते. त्याच्यापुरता डायरीचा भाग लिहिलाच गेला नव्हता. यावरून असली पुस्तके बंद करा, असे म्हणणारे एक पत्र आमच्या मंडळात वाचले गेले. मी विरोध केला. पुस्तक बंद केले तर मिरांडाच पुन्हा कोंडली जाईल, क्लेग नव्हे.

कादंबरीच्या अखेरीस क्लेगच्या नजरेस दुसरी एक मुलगी पडते. या वेळी चित्रकार नव्हे, दुकानात काम करणारी. तळघर झाडून हवेशीर करून ठेवलेले आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीने पानाच्या कडेला शिसपेन्सिलीने त्या मुलीचे नाव लिहून ठेवले आहे. ग्रंथपालांनी कृपा करून ते खोडू नये.