मनाचा आजार आणि आपला हक्क



परवा एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. पोलिसांच्या धाकाने त्यांनी त्याला दवाखान्यातही नेले नव्हते. त्यांना सांगितले तेच आपणांस सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ११५ वे कलम, अन्यथा सिद्ध न झाल्यास, अशा माणसास तीव्र तणावग्रस्त मानते. त्याची शुश्रूषा हे सरकारचे कर्तव्य होय.

दोन आठवडे उदासी, निद्रानाश व निरुत्साह टिकला, तर तो आळस नव्हे, आजार आहे. त्यास अंगारा नको, डॉक्टर हवा. औषधाचा गुण यावयास काही आठवडे लागतात. मध्येच सोडू नका. १४४१६ या दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. अब्रू आजार लपविण्यात नाही, माणूस वाचविण्यात आहे.