बी आपलं, नोंदही आपली
(कळमनुरी तालुक्यातील बैठकीत केलेलं भाषण)



तुम्ही दाव्याच्या फायली घेऊन आलात आन् आम्ही बियाण्याची गोष्ट काय काढली, असं वाटेल. पण जमीन नावावर झाली आणि बी दरसाल दुकानातूनच आणावं लागलं, तर लढाई अर्धीच जिंकली म्हणायची.

१९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. खडी फोडायची आणि परदेशातून आलेली लाल मिलो खायची. त्याच साली परभणीला कृषी विद्यापीठ निघालं, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या बीजपेढीत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे एक लाखाहून जास्त नमुने थंड खोलीत जपलेत. यातले कितीतरी गावोगावच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेले वाण आहेत. आपल्या बायाही तेच करतात. खळ्यावर भरलेलं कणीस वेगळं काढतात, राखेत घालून मडक्यात ठेवतात. हेही संशोधनच आहे.

विद्यापीठाशी आपलं भांडण नाही. पाऊस लहरी झालाय, नवं बी लागणारच. आमचं म्हणणं एवढंच की प्रयोग आपल्या बरड रानातही व्हावा, आणि कोणतं बी चांगलं हे ठरवताना आपल्यालाही विचारावं.

आता हळदीचं बघा. वसमतच्या बाजारात पोत्यांनी हळद येते. जखमेवर ती लावायची हे आपल्या लेकरालाही माहीत. तरी १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना त्यावर पेटंट मिळालं. आपल्या देशाच्या सीएसआयआर संस्थेनं जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढं ठेवले, तेव्हा १९९७ ला ते रद्द झालं. म्हणजे कागद होता म्हणून जिंकलो. आजीचं नुसतं सांगणं तिथं चाललं नसतं.

वनहक्काच्या दाव्यात मात्र ते चालतं! गावातल्या जाणत्या माणसाचा जबाब लिहून घेतला, की नियमानुसार तो पुरावा धरला जातो. मग तसंच बियाण्याचं करू. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यांवर गावाचा सामूहिक हक्क लिहिलाय. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदलीचा, विकायचाही हक्क दिला. फक्त नोंदणी झालेल्या संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. आपल्या जुन्या वाणाची नोंदणीसुद्धा करता येते.

लिहून ठेवलं की कुणी उचलून नेईल, ही भीती खोटी नाही. म्हणून वही ग्रामसभेकडं राहील. ठराव झाल्याशिवाय बाहेरच्याला ना बी द्यायचं, ना माहिती.

पुढच्या बैठकीला दाव्याच्या कागदांबरोबर घरातलं मूठभर जुनं बी आणा. ज्वारी, तूर, अंबाडी, तीळ, जे असेल ते. त्याचं नाव काय, कुणी जपलं, कोणत्या रानात येतं, किती पावसात तग धरतं, हे घरातल्या म्हातारीला विचारून या. ती सांगेल, आपण लिहू. वहीत पहिलं नाव तिचंच येईल.