पडद्यावरचे तुकोबा आणि त्यांची आवली
(आषाढातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी यायचा दिवस, तरी खुर्च्या भरल्या आहेत. म्हणजे एकतर तुमचं तुकोबांवर फार प्रेम आहे, नाहीतर घरी पाणी भरायला दुसरं कोणीतरी आहे. (हशा) हसा, पण माझं आजचं बोलणं त्या दुसऱ्या कोणावरच जाणार आहे.

पत्रिकेवर विषय आहे ‘पडद्यावरचे तुकाराम’. दुष्काळ, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, मंबाजी, सदेह वैकुंठगमन, हे तुम्हांला पाठ आहे. वाळूजजवळच्या आपल्या छोट्या पंढरपुरात एकादशीला रांग लावून आलेल्यांना मी ते काय नव्याने सांगणार? तेव्हा चरित्र सोडून देतो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. तुकोबांवरचा चित्रपट जोखायचा असेल तर तुकोबांकडे बघू नका, त्यांच्या बायकोकडे, आवलीकडे बघा. ती जमली असेल तर तुकोबा आपोआप जमतात.

आता 1936 चा ‘संत तुकाराम’ घ्या. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पगनीस तुकोबा झाले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेला हा नट. अंगात नाटकी आवेश आणील, अशी भीती वाटावी. पण पडद्यावर हा माणूस इतका मऊ बोलतो की शेजारच्याला गप्प करून ऐकावं लागतं. पुढे कितीतरी देव्हाऱ्यांत तुकोबांची म्हणून जी तसबीर लागली, तिच्यात पगनीसांचाच चेहरा होता. मुंबईत चित्रपट एकाच थिएटरात 57 आठवडे चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं त्यातलं एक पद तर लोक तुकोबांचाच अभंग समजून बसले. हे सगळं खरं. पण हा चित्रपट उचलून धरला कोणी? गौरीने.

गौरी ही प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागलेली बाई. तिथून गर्दीतल्या भूमिका, आणि मग आवली, म्हणजे चित्रपटातली जिजाई. तिची म्हैस आठवा. म्हशीशी ती ज्या मायेने बोलते तसं नवऱ्याशी बोलत नाही. आणि तो देवळाचा प्रसंग! पोर आजारी, घरात पैसा नाही, नवरा नामात. ही उठते. एका हाताने पोराला ओढते, दुसऱ्या हातात पायताण घेते आणि थेट विठोबाच्या गाभाऱ्याकडे निघते. तिची चाल बघा. पदर कुठे, केस कुठे, तिला शुद्ध नाही. नटी चालते तेव्हा कॅमेरा आहे हे तिच्या पाठीला माहीत असतं. गौरीच्या पाठीला ते माहीत नाही! वाणसामान संपलेल्या घरातून बाहेर पडलेली बाई आहे ती. पुढे चमत्कार होतो, मोहरा पडतात. मला विचाराल तर त्या नसत्या पडल्या तरी चाललं असतं. देवाला जाब विचारला गेला तिथेच प्रसंग पुरा झाला. शेवटी गरुडाचं विमान वर जातं. आवली खालीच राहते, कारण पोरं खाली आहेत.

तिसऱ्या रांगेतले काका मान हलवताहेत. काका, मी तुकोबांना उणं करत नाही हो. आमच्याही घरात माळ आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाताना आवलीच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने येऊन काढला, ही कथा काही मी रचलेली नाही. ती वारकऱ्यांनीच सांभाळली. जन्मभर शिव्या देणाऱ्या बाईचा पाय देव हातात घेतो! (टाळ्या) नाही, टाळ्या नंतर. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

मग भराभर जातो. 1963 ला कन्नडमध्ये राजकुमार तुकोबा झाले. 1973 चा तेलुगू ‘भक्त तुकाराम’ नागेश्वर रावांचा, आणि त्यात शिवाजी महाराज कोण, तर शिवाजी गणेशन. तिथे तुकोबांची बायको झालेली अंजली देवी हिच्याच संस्थेचा तो चित्रपट. म्हणजे तिथेही घर चालवणारी तीच! (हशा) 2012 ला चंद्रकांत कुलकर्णींनी ‘तुकाराम’ केला. जितेंद्र जोशीचा तुकोबा आधी पोरगा आहे, व्यापारी आहे, दुष्काळात माणसं गमावलेला कर्ता पुरुष आहे. पगनीस पहिल्यापासून संत, जोशी डोळ्यांदेखत होत जातो. ही मोठी भर आहे, आणि वीणा जामकरची रखमाबाई, म्हणजे तुकोबांची पहिली बायको, हे त्यातलं दुखरं ठिकाण. पण राधिका आपटेची आवली? नटी चांगली. कष्ट दिसतात, राग दिसतो. विठोबावर पायताण उगारील, असं मात्र मला वाटत नाही. आपण आता आवलीला समजून घ्यायला लागलो, आणि तिथेच तिचा दरारा गेला.

चिठ्ठी आली आहे. ‘पैठण इतकं जवळ असताना देहूचं काय सांगता?’ (हशा) बरोबर आहे. 1935 साली प्रभातच्याच व्ही. शांतारामबापूंनी पैठणच्या एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. नाव ‘महात्मा’ ठेवलं होतं, ते सेन्सॉरला चाललं नाही. गांधींची आठवण होत होती. नाथ झाले बालगंधर्व. अवघा महाराष्ट्र ज्यांच्या शालूवर भाळला, त्यांना लोकांनी धोतरात बघायचं होतं! प्रभातशी त्यांचं पुढे जमलं नाही. बालगंधर्वांवर बोलायला लागलो तर तुमचं पाणी जाईल, म्हणून थांबतो.

दोनच मिनिटं, अध्यक्ष. पैठणकरांनी विचारलं म्हणून सांगतो. नाथांच्या घरी जेवायला आलेला माणूस वाढणाऱ्या गिरिजाबाईंच्या, म्हणजे नाथांच्या बायकोच्या, पाठीवर उडी मारून बसतो. त्याला नाथांना चिडवायचं असतं. नाथ म्हणतात, सांभाळ, पडेल तो. आणि त्या म्हणतात, नाही पडणार, आपल्या पोराला, हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे मला. कीर्तनात हा प्रसंग नाथांच्या शांतीसाठी सांगतात. पाठ कोणाची होती, ओझं कोणी पेललं? उद्या कोणी नाथांवर चित्रपट काढायला निघाला, तर मी त्याला एवढंच विचारीन की तुझी गिरिजाबाई ठरली का. ती ठरली नसेल, तर नाथ शोधायची घाई करू नकोस.

घंटा झाली. उरलेले प्रश्न खाली चहाच्या टेबलाशी. काका, तुम्ही आधी या.