शस्त्र आधी वकिलाकडे जातं का?

आज जरा जड विषय आहे, पण सुरुवात ओळखीच्या नावापासून करू. कोलकात्याचा विमानतळ म्हणजे दमदम. १८९० च्या दशकात तिथल्या ब्रिटिश कारखान्यात एक गोळी तयार झाली. टोकावरचं कठीण आवरण काढलेलं. अंगात शिरली की फुलायची आणि जखम भयानक व्हायची. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. ब्रिटनने ती मान्य केली थेट १९०७ मध्ये.

म्हणजे आधी गोळी, मग नियम. हा क्रम उलटा करायचा प्रयत्न म्हणजे जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ३६. नवं शस्त्र बनवताना किंवा विकत घेतानाच सरकारने तपासायचं, की हे वापरणं बेकायदा ठरेल का? विनाकारण यातना होतात का? सैनिक सोडून सामान्य माणसांवरही ते सरसकट पडतं का? स्वीडन आणि अमेरिका तर १९७४ पासूनच अशी तपासणी करतायत.

आता मेख अशी, की तपासणारं सरकार तेच आणि घेणारंही तेच. निकाल जाहीर करायचं बंधन नाही. आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासायची, असं म्हणा ना.

लेझरचं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कायदा विभागाने मत दिलं, की शत्रूच्या सैनिकावर लेझर वापरला आणि तो आंधळा झाला, तरी ते बेकायदा नाही. युद्धात सैनिकाला मारणं चालतं, तर आंधळं करणं त्याहून वाईट कसं? कागदावर तर्क बिनचूक वाटतो. पण रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने नेत्रतज्ज्ञांनाही सोबत बसवलं, आणि प्रश्नच बदलला. गोळी लागलेला माणूस बरा होऊ शकतो. लेझरने डोळ्याचा पडदा जळला, तर त्यावर इलाज नाही. माझ्या मते पहिल्या मतात घाई नव्हती, फक्त टेबलावर डॉक्टर कमी होते!

ऑक्टोबर १९९५ मध्ये व्हिएन्नात, माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर बंदी ठरली. तोवर अमेरिकेनेही भूमिका बदलली होती.

आणि भारत? लेझरबंदी आपण १९९९ मध्ये स्वीकारली. १९७७ च्या त्या प्रोटोकॉलमध्ये मात्र आपण नाही, म्हणून कलम ३६ आपल्याला थेट लागू नाही. पण बंदी मान्य केली, तर नवं शस्त्र त्यात बसतं की नाही हे न तपासता कळणार कसं? मला तरी ही पळवाट पटत नाही.

ड्रोनमुळे गुंता अजून वाढलाय. रेड क्रॉसची २००६ ची मार्गदर्शिका सांगते, की शस्त्राच्या कामात फरक पडेल असा बदल केला, तर तपासणी पुन्हा करा. तोफेत असा बदल किती वर्षांनी होणार? सॉफ्टवेअरचं अपडेट तर तुमच्या फोनवर काल रात्रीच आलं असेल.