मशीनने 'बीप' केलं, म्हणून सोनं आहे?

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे करतोय. त्याच्या गावात एक माणूस आलाय. म्हणतो, तुमच्या जुन्या वाड्याखाली गुप्तधन आहे. मशीन फिरवून दाखवलं, बीप वाजला. आता 'काढून देण्याचे' पैसे मागतोय, आणि वडील द्यायला तयार आहेत. श्रोता विचारतो, "दादा, माणूस खोटं बोलेल, पण मशीन कसं खोटं बोलेल?"

प्रश्न भारी आहे. उत्तरासाठी २०१३ मध्ये जाऊ या. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा गावी.

तिथले राजा राव रामबक्ष सिंह यांना १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी फाशी दिलं. त्यांच्या पडक्या किल्ल्याखाली १,००० टन सोनं आहे, असं शोभन सरकार या साधूंना स्वप्नात दिसलं. १,००० टन! त्या वर्षी आपल्या रिझर्व्ह बँकेकडे सगळं मिळून साधारण ५५८ टन सोनं होतं. म्हणजे एका संस्थानिकाकडे देशाच्या बँकेच्या जवळपास दुप्पट. इथेच थांबायला हवं होतं ना?

पण थांबलं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथली जमीन तपासली. त्यांचा निष्कर्ष असा होता, की ५ ते २० मीटर खोलीवर आजूबाजूपेक्षा काहीतरी वेगळं, अचुंबकीय आहे. धातू किंवा मिश्रधातू असण्याची शक्यता आहे.

नीट ऐका. 'वेगळं काहीतरी'. 'शक्यता'. 'सोनं' हा शब्द कुठंय? अचुंबकीय म्हणजे लोहचुंबकाला न चिकटणारं. सोनं चिकटत नाही, मान्य. पण तांबं तरी कुठे चिकटतं? लाकूड तरी?

तरी टीव्हीवर काय झालं? 'शास्त्रज्ञांनीही दुजोरा दिला!' १८ ऑक्टोबरला पुरातत्त्व खात्याने खोदायला सुरुवात केली. खातं म्हणत होतं, आम्ही स्वप्नावर नाही, अहवालावर खोदतोय. पण त्या जागी मशीन नेलं कशामुळे? स्वप्नामुळेच! म्हणजे स्वप्नाने मशीनला जागा दाखवली, आणि मशीनच्या आकड्याने स्वप्नाला शिक्का दिला. हे दोन पुरावे नाहीत मंडळी. एकच गोष्ट दोनदा सांगितलीय.

बघ्यांची गर्दी झाली, चहा-भजीची दुकानं लागली, चॅनेलवाले तळ ठोकून बसले. महिनाभर खोदलं. काय मिळालं? मडक्यांची खापरं, फुटक्या बांगड्या, चुली, खिळे, भिंतीचे अवशेष. नोव्हेंबरमध्ये काम थांबलं. गंमत म्हणजे, तिथे माणसं राहत होती याचा तो खरा पुरावा होता. पण तो बघायला गर्दी नव्हती.

तर मित्रा, मशीन खोटं बोलत नाही. मशीन फक्त बीप करतं. 'सोनं' हा शब्द शेजारी उभा असलेला माणूस उच्चारतो. जुन्या वाड्याखाली खिळे, कड्या, तुटकी भांडी असणारच, आणि धातू शोधणारं मशीन त्यावरही वाजणारच.

वडिलांशी भांडू नकोस. त्यांच्यासमोर त्या माणसाला तीनच प्रश्न विचार. एक, हा बीप सोन्याचाच आहे, खिळ्याचा नाही, हे कसं ओळखलं? दोन, वाड्यापासून लांब, दुसऱ्या चार ठिकाणी आमच्या हाताने मशीन फिरवू का? तीन, इतकी खात्री आहे तर पैसे आधी कशाला? सोनं निघाल्यावर घ्या की!

आणि पूजा, बळी, 'अघोरी विधी' असं काही बोलायला लागला, तर सरळ पोलिसांत जा. गुप्तधनासाठी असले प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

काय झालं ते नक्की कळव. आणि बाकीच्यांनो, तुमच्याही घरी असा कुणी 'खात्रीवाला' आला असेल, तर व्हॉइस मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात!