सिंधूचे जाते आणि बालगंधर्वांचा सूर



आजचा विषय एका नाटकातला एकच प्रसंग आहे. एका प्रसंगावर तासभर बोलायचे म्हणजे जरा धाडसच. पण काही प्रसंग असे असतात की त्यांत एका कलेचे सारे मर्म साठवलेले असते. ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधू जात्यापाशी बसते तो प्रसंग आणि त्यातले बालगंधर्वांचे गाणे यांविषयी मी बोलणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. पुढे चारच आठवड्यांनी, 20 फेब्रुवारी 1919 रोजी, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. गडकऱ्यांनी आपले हे नाटक रंगभूमीवर पाहिले नाही. नाटकातील पदेही त्यांची नव्हेत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. चालींच्या कामी सुंदराबाई जाधव यांचे मोठे साहाय्य झाले. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडसांची, आणि सिंधू म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. त्या वेळी ते तिशीत होते.

आता त्यापूर्वीचे बालगंधर्व डोळ्यांपुढे आणा. 1911 सालच्या ‘मानापमाना’तील भामिनी, 1916 सालच्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी! भरजरी शालू, दागिने, अत्तराचा घमघमाट. त्यांच्या लुगड्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. असा हा ऐश्वर्याचा नट सिंधूसाठी ठिगळ लावलेले लुगडे नेसून रंगभूमीवर आला. ज्या वैभवावर प्रेक्षक लुब्ध होते ते त्याने आपल्या हाताने उतरवून ठेवले. माझ्या मते त्याच्या कलेची खरी परीक्षा तिथेच सुरू झाली, कारण आता हातात उरला तो केवळ सूर आणि शब्द.

प्रसंग आपण जाणताच. वकील सुधाकर दारूच्या आहारी गेला आहे. सनद गेली, अब्रू गेली, घरातले किडूकमिडूक गेले. श्रीमंत माहेरचा आधार सिंधूने स्वतःच नाकारला आहे. आता ती दुसऱ्यांची दळणे दळून तान्ह्या मुलाच्या दुधाची सोय करते. जात्याची घरघर, शेजारी मूल, आणि तिच्या ओठी ओवीच्या वळणाचे एक पद. आणि प्रेक्षक मनात म्हणत असतो की आता दार वाजेल, आता तो झोकांड्या खात येईल.

इथे कोणी रोकडा प्रश्न विचारील की, अहो, पोटात अन्न नाही, नवरा व्यसनी, आणि ही बाई गाते कशी? संगीत नाटकावरचा हा जुनाच आक्षेप आहे. पण हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या परभणी जिल्ह्यात तरी तो विचारू नये. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. जनाबाई आणि जाते ही जोडी मराठी मनातून वेगळी काढता येत नाही. प्रत्यक्ष विठोबाने तिच्या जात्याचा खुंटा धरला अशी आपली श्रद्धा. पहाटेच्या अंधारात वैरण घालता घालता ज्या बायका गात, त्या सुखात होत्या म्हणून गात नव्हत्या. जे सासूला सांगता येत नाही, नवऱ्यापुढे बोलता येत नाही, ते त्या जात्याला सांगत. ओवी हे बाईचे स्वतःचे बोलणे आहे. तेव्हा जात्यापाशी बसलेली सिंधू गाते यात अस्वाभाविक काही नाही. ती न गाती तर ते अस्वाभाविक झाले असते.

आणि याच ठिकाणी बालगंधर्वांचे मोठेपण कळते. त्यांना भास्करबुवा बखल्यांची तालीम होती. तानांचा पाऊस पाडणे त्यांना अवघड नव्हते. पण जात्यापुढे मैफल मांडली तर सिंधू मरते आणि गवई तेवढा उरतो. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. ती तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. पण एकदा कान देऊन ऐका. सूर हलकेच लागतो. शब्द स्वच्छ; एकही अक्षर तानेखाली चिरडले जात नाही. एखादी लहानशी मुरकी अशी येते की, गाणाऱ्याने ती घेतली असे वाटत नाही, शब्दालाच ती फुटली असे वाटते. लय पक्की, पण तिचा डौल मिरवायचा नाही. आवाजात एक आर्जव आहे. दुःखाचे प्रदर्शन मात्र नाही. दुःख सांगणारा जितका सावरून बोलतो तितके ऐकणाऱ्याचे काळीज अधिक हलते, हे व्यवहारातले सत्य त्यांनी सुरांत आणले.

हे केवळ आपल्याकडचे आहे असेही नाही. पाश्चात्त्यांचे संगीत नाटक म्हणजे ऑपेरा. त्यातील उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाला सोप्रानो म्हणतात. मारिया कॅलास ही गेल्या शतकातली थोर सोप्रानो. पुच्चिनीच्या ‘टोस्का’ या ऑपेराचा दुसरा अंक तिने 9 फेब्रुवारी 1964 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात केला. त्याचे चित्रण झाले, म्हणून तो आज आपल्यालाही पाहता येतो. टोस्का दुष्ट अधिकाऱ्याच्या खोलीत सापडली आहे. प्रियकराचा छळ चालला आहे. आणि त्या कोंडीत ती ईश्वराला विचारते की, मी कुणाचे काय वाईट केले होते? त्या वेळी कॅलासचा आवाज पूर्वीइतका निर्दोष राहिला नव्हता. पण ती गाऊ लागली की गळ्याचे दोष मोजण्याचे भान राहत नाही. संकटात सापडलेल्या स्त्रीचे अंतःकरण तिथे उघडे होते. गाण्यासाठी प्रसंग थांबत नाही. प्रसंग गाण्यातूनच पुढे जातो. लंडनची टोस्का आणि मराठी सिंधू या बाबतीत बहिणी शोभतात.

पण दोघींत एक फरक आहे, आणि तो मी टाळणार नाही. टोस्का गाणे संपल्यावर सुरी उचलते. सिंधू काही उचलत नाही, ती सोसते. मूल जाते, ती स्वतः जाते, आणि मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून धडपडते. मग आपण बालगंधर्वांच्या सुरावर डोलतो तेव्हा नकळत तिच्या छळालाही मान डोलावतो की काय? गोड गाण्याने कडू अन्याय पचनी पडतो की काय? हा प्रश्न आमच्या भगिनी आज विचारतात, आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे.

यात दोष प्रेक्षकाचाही असतो. ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांनी त्या काळी प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. सिंधूच्या हातची भाकरी हिरावली जात असताना तिच्याकडून तेच पद पुनःपुन्हा मागणारा प्रेक्षक रसिक खरा, पण तो सिंधूचा सोबती नव्हे. बालगंधर्वांनीही रसिकांचा शब्द सहसा मोडला नाही. त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी न करता मी म्हणेन की, अशा वेळी नाटकाची हानी होत असे.

तरीसुद्धा माझे उत्तर असे की, तो सूर अन्यायाला गोड करीत नाही, तो अन्याय झालेल्या बाईला मोठे करतो. सिंधूला पतिव्रता म्हणून आपण चटकन मखरात बसवतो. पण त्या सुरात मखरातली देवी नाही. दमलेली, मुलासाठी जीव टाकणारी, हाडामांसाची बाई आहे. ती खरी वाटते म्हणून सुधाकराचा प्याला अधिक घोर वाटतो. गडकऱ्यांनी दारूविरुद्ध जे सांगितले ते व्याख्यानाने जेवढे पटेल त्याच्या शतपट त्या जात्यापुढच्या गाण्याने पटते.

आणि हा प्रश्न 1919 सालाबरोबर संपला नाही. आज जाती कोनाड्यात गेली, पिठाच्या गिरण्या आल्या. प्याला मात्र घराघरांतून तसाच आहे. बदल झाला आहे तो सिंधूच्या बाजूने. आज महाराष्ट्रात गावच्या स्त्रियांना दारूचे दुकान मतदानाने बंद करता येते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकानाला कुलूप लागते. जी सिंधू जात्याशी बोलत होती तिला मतपेटीशी बोलता येऊ लागले. यात त्या गाण्याचा वाटा किती, हे कोण मोजणार? पण ज्या समाजाने एका बाईच्या दुःखासाठी पिढ्यान् पिढ्या डोळे पुसले, त्या समाजात तिच्या बाजूने कायदा होण्याची भूमी थोडीतरी भिजलेली असते, असे मला वाटते.

बालगंधर्व 15 जुलै 1967 रोजी गेले. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना रंगभूमीवर पाहिलेले नाही. पण तबकडी आहे, आणि अजून काही घरांत ओव्या आठवणाऱ्या वृद्ध स्त्रियाही आहेत. माझी विनंती एवढीच की, दोन्ही ऐका. आधी आजीची ओवी ऐका, मग गंधर्वांचे पद ऐका. आणि ऐकताना ‘वन्स मोअर’ म्हणण्याआधी क्षणभर गप्प बसा. त्या शांततेत सिंधू काय म्हणते ते आपले आपल्याला कळेल.